वजा एक

आम्ही दगडाच्या खाणीवर पालात राहायचो. शिरगणतीवाले गावातली घरं मोजून परत जायचे, खाणीकडे कुणी फिरकायचं नाही. आई खडी फोडता फोडता म्हणायची, "आपण कुणाच्या हिशेबातच नाही गं बाई."

आज बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळे व्यवहार चालवणाऱ्या मोठ्या संगणकावर, पेन्शन वाटपाचं काम सकाळपासून रखडलं होतं. मी पेन्शनधारकांच्या नोंदी ज्यात असतात त्या टेबलाची, म्हणजे तक्त्याची, आकडेवारी उघडली. ओळींच्या संख्येपुढे दिसलं, वजा एक.

शेजारच्या खुर्चीवरचा समीर वाकून म्हणाला, "ताई, टेबल रिकामं आहे की काय?"

"रिकामं असतं तर शून्य दिसलं असतं. वजा एक म्हणजे अजून कुणी मोजलेलंच नाही."

"मग मशीन काय करतं?"

"अंदाज बांधतं. तुझ्यासारखं."

तो हसला. मी मात्र त्या आकड्याकडे बघत राहिले. आत किती म्हातारी माणसं नावागावासकट बसलेली, आणि मशीनला त्यांचा पत्ताच नाही. ते स्वतः आत डोकावत नाही, आधीच्या मोजणीवर, ती नसेल तर अंदाजावर विसंबून नोंदी शोधायची वाट ठरवतं; अंदाज चुकला की काम अडतं. शून्य म्हणजे निदान कुणीतरी येऊन पाहून गेलं. न मोजलेल्यांच्या नशिबी तेवढंही नसतं. ते दुसऱ्याच्या अंदाजावर जगतात, आणि अंदाज बहुधा कमीचाच असतो.

मी मोजणी लावली. खरा आकडा आला. त्यावरून मशीनला नवी वाट ठरवायला लावून काम पुन्हा सुरू केलं.

दिवस मावळायच्या आत सगळ्यांची पेन्शन खात्यावर जमा झाली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे काम मी केलं.