गप्प बसलेली मेंढी

बीडमध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत मी बातम्या तपासतो. पटलं नाही तिथे लाल खूण करण्याची सवय बायबल वाचतानाही सुटत नाही. आमच्या चर्चचे पाळक बाहेरगावी गेले होते आणि रविवारचा संदेश देण्याची पाळी माझ्यावर आली होती. विषय येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला. शंभरांतलं एक हरवतं; मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्याला शोधतो आणि खांद्यावर घालून आणतो. मला हा मेंढपाळ बेजबाबदार वाटला. नव्याण्णवांपुढे मी लाल खूण केली. खरं तर तो दाखला मला टाळायचाच होता. आईच्या आजारपणात धाकट्या बहिणीशी माझं भांडण झालं होतं. ती चौसाळ्याला असते. आई गेल्यावर काही महिने तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग फोन थांबले. ती सुखात असेल, असं मी धरून चाललो.

शनिवारी दुपारी पाटोद्याहून परतताना मोटारसायकल पंक्चर झाली. ढकलत निघालो, तर रस्त्याकडेच्या माळावर मेंढरं चरत होती आणि एक बाई काठी घेऊन उभी होती. तेवढ्यात टेकाडामागून तिचा नवरा आला. त्याच्या खांद्यावर मोठी मेंढी होती. हरवली होती, म्हणाला. मी तपासण्याच्या सवयीने विचारलं, बाकीची कुणाच्या भरवशावर सोडली होती?

त्याच्याआधी बाईच बोलली, "म्या काय मेले व्हते व्हय? सकाळधरनं हितंच उभी हाय. ह्यो मातर उपाशी हिंडतोय, एकीपायी."

दाखल्यात ही बाई नाही. पण येशूकडून तो पहिल्यांदा ऐकणारे मेंढरं राखणाऱ्यांच्या मुलखातले होते. मागे कुणीतरी थांबतंच, हे त्यांना सांगावं लागत नसणार. माझी हरकत तिथेच संपली.

"हाका मारल्यावर ओ देत नाही का?" मी विचारलं.

"आधी लई वरडती," मेंढी खाली उतरवत तो म्हणाला. "कुणी आलं न्हाई की झुडपात गप बसती. मग हाक मारा न्हाईतर काय बी करा, उठत न्हाई. उचलूनच आणाया लागती. गप बसली म्हंजी बरी हाय, असं नसतंय, दादा."

ते पंक्चर, ती वेळ, तो माणूस कुणी जुळवून आणला, याचा पुरावा माझ्याकडे नाही. मी मागितलाही नाही. चाक दुरुस्त करून घरी न जाता चौसाळ्याला गेलो.

बहिणीने दार उघडलं. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "दादा? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तुलाच बघायला आलो."

"फोन कावून उचलत न्हवतास?" एवढंच म्हणाली. मी चपला काढून आत गेलो. तिने चहा ठेवला. आईचा विषय दोघांनीही काढला नाही.

रविवारी मी मेंढपाळाबरोबर त्या बाईचंही सांगितलं. स्वतःविषयी बोललो नाही. प्रार्थनेत मात्र पहिल्यांदाच काही तपासलं नाही. जे हाती आणून दिलं होतं त्याबद्दल आभार मानले आणि पुढचं देवावर सोडलं. बाहेर पायरीवर चपला घालत असताना खिशातला फोन वाजला. बहिणीचा होता. पहिल्याच रिंगला उचलला.