घडीपुरता पत्रा

आयटीआय करून मी अंबडच्या आमच्या पत्राकामाच्या कारखान्यात रुजू झाले, तेव्हा तिथले मुख्य कारागीर आदरणीय निवृत्तीनाना गांगुर्डे यांनी माझ्या हाती पत्रा दिलाच नाही. मिठाईचे रिकामे खोके दिले आणि ते उलगडून पुन्हा जसेच्या तसे उभे करायला सांगितले. मला रागच आला. मी कारागीर व्हायला आले होते, हलवायाकडे नव्हे. पण सपाट तुकड्यात उभा डबा दिसू लागल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हा नानांचा दंडक होता.

दुसरा दंडक कडांचा. आम्ही कड कानशीने घासली की नाना तिच्यावरून स्वतःचा उघडा तळवा फिरवत. "हा डबा पुसणारी बाई हातमोजे घालत नाय," असे म्हणत. माझा अंगठा कापला तेव्हा मात्र ते रागावले नाहीत. पट्टी त्यांनीच बांधली आणि घरी काकूंकडून माझ्यासाठी जाड कापडाचा एप्रन शिवून आणला. पावसात माझी इगतपुरीची गाडी रखडली, की माझ्या वाटचा चहा झाकून ठेवलेला असे.

मालकांना मात्र पत्र्यावर बाईमाणूस नको होते. सोमवारपासून पॅकिंगला बसा, असे त्यांनी मला सांगितले. या कामासाठी मी घरच्यांशी भांडून आले होते. मला रडू फुटायचेच बाकी होते. त्याच दुपारी नाना आपल्या टेबलावर एका मोठ्या पेटीची आखणी करत होते. वाकवताना पत्रा घडीत जातो, तेवढा जास्तीचा सोडावा लागतो. नानांनी तो सोडलाच नव्हता. कापला असता तर सगळा पत्रा भंगारात गेला असता. पण नानांना टोकायचे कुणी? शेवटी धीर करून मी बोलले. सगळ्यांचे हात थांबले.

नानांनी चष्मा सारखा करून रेघ पाहिली आणि कात्री माझ्या हातात दिली. मग मालकांना बोलावून म्हणाले, "शेठ, माझी चूक हिनं धरली. हिला पॅकिंगला बसवली, तर उद्या माझ्या चुका कोन धरंल?"

आज त्याच टेबलाची मी प्रमुख आहे. नवी मुले विचारतात, या कामाला काय लागते? नजर लागते, हात लागतो, मापांचे गणितही लागते. पण आपली चूक ऐकून घेणारा कान आयटीआयत मिळत नाही. तो मी नानांकडून घेतला आहे.

नानांनी पंचाहत्तरी गाठली, तरी अजून ते इंदिरानगरहून स्कूटरवर येतात आणि आमच्या कडांवरून तळवा फिरवतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी आणखी पुष्कळ वर्षे आमच्या चुका काढाव्यात, आणि कधीमधी एखादी स्वतःही करावी. धरायला मी आहे.