जमादारांच्या फोटोला हार

सांगलीच्या माझ्या घरात आल्यागेल्याची नजर आधी आबांच्या फोटोवर जाते, आणि मीही ती जाऊ देते. माझे वडील साध्या शिपायाचे नाईक, हवालदार आणि मग जमादार झाले, तेव्हा सुट्टीत साताऱ्याला जाऊन त्यांनी तो काढून घेतला. मागचा राजवाडा पडद्यावरचा, हातातली छडी स्टुडिओची. खांद्यावरचा तारा मात्र स्वतःच्या कमाईचा.

पुढं लढाईत आबा समुद्रापार गेले. कडेगावजवळच्या आमच्या गावात कित्येक महिने त्यांची खुशाली आली नाही. त्या वर्षी खंडेनवमीला चुलत्यांनी कोयते, नांगर, जुनी तलवार असं सगळं पुजलं, झेंडूचे हार घातले. एक हार उरला, तो आबांच्या फोटोला घातला. म्हणाले, "घरातलं खरं हत्यार त्योच." आणि रानात निघून गेले.

तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. फोटोला हार दिसल्यावर हातच्या काकणाला आरसा कशाला? घटकाभरात अंगणात बायकांनी आकांत मांडला. काही न कळता मीही भोकाड पसरलं.

आई विहिरीवरून आली. तिनं डोईवरची घागर उतरून नीट ठेवली आणि विचारलं, "तार आली?"

"न्हाई बाई," शेजारीण म्हणाली, "पर फोटूला हार हाय न्हवं."

आई आत गेली आणि हार काढून तिनं नांगराला घातला. "भावजींनी हत्यारासंगं ह्यास्नी बी पुजलं. ह्यांचं काय झालं तर सरकार तार धाडंल, झेंडू न्हाई. रडलासा तेवढं बास, आता गूळ खाऊन जावा."

गुळाचा खडा तिनं एकेकीच्या हातावर ठेवला. तिचा आवाज असा, की जमादार आमच्या घरात एकच नव्हता. म्हणून फोटो दाखवताना मी आधी आईचं सांगते.

लढाई संपल्यावर आबा सुभेदार होऊन आले, एका पायानं लंगडत. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि सासऱ्यांच्या देखत उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. तोवर तिच्या डोळ्यांत कुणाला टिपूस दिसला नव्हता. पलटणीत हुकूम सोडणारे आबा टोपी हातात धरून नुसते उभे राहिले. ती उठेपर्यंत त्यांनी घरात पाऊल टाकलं नाही.