न्याबो तेओपिस्तांविरुद्ध माझी लेखी तक्रार

आमच्या कंपालाच्या प्रयोगशाळेत तेओपिस्ता नालुबोवा सत्तावीस वर्षं पेशी सांभाळतात. सगळे त्यांना न्याबो, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. रोज सकाळी त्या उबपेटीचं दार उघडतात आणि आतल्या बशांची विचारपूस करतात. रात्र कशी गेली? घरचे बरे आहेत ना? आत कुणी उत्तर देणारं नसलं तरी रीतीप्रमाणे उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबतात. तोवर पेटीतली सगळी ऊब बाहेर. मी आठ वर्षं हे सहन केलं, कारण पेशी माझ्या हातून मरायच्या आणि त्यांच्या हातून जगायच्या. याचा मला मनातून फार राग यायचा.

आठ वर्षं म्हणजे माझी पीएच.डी. स्तनाच्या कर्करोगाची गाठ औषधाने विरघळते आणि दोन वर्षांनी पुन्हा उगवते, कारण तिच्यातल्या मूठभर मूलपेशी तग धरून राहतात. नेमक्या त्यांनाच मारणारं औषध मला सापडलं होतं. बशीत वाढवलेल्या मूलपेशी त्याने पटापट मरत. आता ते एका बाईच्या ताज्या गाठीतल्या मूलपेशींवर चालवून दाखवायचं, एवढंच उरलं होतं. विद्यापीठाने यापुढे मुदतवाढ नाही असं कळवलं होतं. डिसेंबरपर्यंत पदवी, नाहीतर आठ वर्षं पाण्यात. इकडे माझ्या आईने मुलगा डॉक्टर झाला असं सगळ्या चर्चला सांगून टाकलं होतं. लोक तिच्याकडे गुडघेदुखीवर औषध मागायला येत होते.

गाठ गुरुवारी आली. मी मूलपेशी वेगळ्या करून बशांत घातल्या. त्यांच्या शेजारपाजारच्या तंतुपेशी एका भांड्यात काढून तेओपिस्तांना म्हणालो, "हा कचरा टाकून द्या. शनिवारी बशांत औषध घाला. मी सोमवारी येऊन मोजतो." आणि मामाच्या दफनासाठी गावी निघालो.

सोमवारी येऊन सूक्ष्मदर्शकातून पाहतो तर मूलपेशी टुमटुमीत. मेल्या तर नव्हत्याच, वर दुप्पट झाल्या होत्या.

"न्याबो, औषध घातलंत ना?"

"घातलं की."

"मग या मेल्या का नाहीत?"

"एकट्या नव्हत्या ना! बिचाऱ्या माना टाकून पडल्या होत्या. मग मी तो तुमचा कचरा त्यांच्या सोबतीला घातला."

मी ओरडलोच. "अहो, त्या काय रोगी आहेत का? रोग आहेत त्या, रोग!"

"असतील. पण आपल्या कर्करोगाच्या वॉर्डात सोबतीण नसली तर रोग्याला खाटच देत नाहीत. माझ्या बहिणीच्या खाटेखाली मी सत्तर दिवस चटईवर काढले. लापशी करायची, बादली उचलायची, नर्स सुई घेऊन आली की भांडायचं. आज ती बाजारात केळी विकते आणि माझ्याशीच भांडते. एकटी असती तर गेलीच होती. होणारे डॉक्टर, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

मी त्याच दुपारी माझे मार्गदर्शक प्राध्यापक लुवेम्बांना दोन पानी तक्रार दिली. राग आला की माझं लिखाण फार काटेकोर होतं. कोणत्या बशीत किती तंतुपेशी, कोणत्या वारी, मूलपेशींशी प्रमाण काय, औषध किती, सगळं तेओपिस्तांकडून वदवून घेऊन लिहिलं. शेवटी ठणकावलं: श्रीमती नालुबोवा यांना विज्ञानाचा गंध नाही, त्यांना पेशींपासून कायमचे दूर ठेवावे.

लुवेम्बांनी ती शांतपणे वाचली. "सोबत नसलेली एखादी बशी राहिली आहे का?"

"तीन," दारातून तेओपिस्ता म्हणाल्या. "कचरा पुरला नाही."

त्या तीन बशांतल्या मूलपेशी झाडून सगळ्या मेल्या होत्या. बाई तीच, औषध तेच.

पुढचे चार महिने मी तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. तंतुपेशी शेजारी असल्या की मूलपेशी मूलपेशीच राहत आणि औषधाला भीक घालत नसत. तंतुपेशी न घालता नुसतं त्यांच्या भांड्यातलं पाणी दिलं तरी तेच. शेजारी त्यांना काहीतरी पुरवत होते. बाईच्या शरीरात कुठली पेशी एकटी असते? मी आठ वर्षं अशा जागी औषध चालवत होतो, जिथे कर्करोग राहतच नाही. हे कळलं त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नवा प्रबंध घाईघाईत लिहिला. तोंडी परीक्षेला नैरोबीहून डॉ. चेप्कोएच आल्या होत्या. त्यांनी माझी प्रयोगवही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

"सगळं या पहिल्या मिश्रणावर उभं आहे, आणि त्याचीच नोंद नाही. प्रमाण नाही, वार नाही. नोंद नसेल तर मी हा प्रबंध मान्य करणार नाही."

मसाक्याहून आलेली आई पहिल्या रांगेत बसली होती. लुवेम्बांनी फाइलीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "नोंद आहे. मोठ्याने वाचा."

आत माझीच तक्रार होती. वाचली. बशांचे क्रमांक झाले, प्रमाण झालं, वार झाले. डॉ. चेप्कोएच मान हलवत लिहून घेत होत्या. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"श्रीमती नालुबोवा यांना विज्ञानाचा गंध नाही..." मागे सणासुदीची निळी पायघोळ गोमेसी नेसून तेओपिस्ता बसल्या होत्या. सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यांत मोठ्याने माझी आई.

"यातली सगळी माहिती बरोबर आहे?" डॉ. चेप्कोएचनी विचारलं.

"शेवटचं वाक्य सोडून," मी म्हणालो. "ते माझ्याबद्दल होतं."

"आणि वारही चुकलाय," मागून तेओपिस्ता उठून म्हणाल्या. "हे ओरडत होते म्हणून तेव्हा शुक्रवार सांगितला. सोबतिणी घातल्या गुरुवारीच. यांची टॅक्सी टेकडी उतरायच्या आत."