न फुटलेली अंडी

त्या उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेचं वायरिंग बदलायला घेतलं आणि मी माझे लाल ढेकूण डब्यांत भरून प्रताप नगरच्या घरी आणले. कपाशीवर असतात ते. त्यांच्या अंड्यात गर्भ घडताना कोणतं संप्रेरक कधी वाढतं, कधी उतरतं, हा माझा पीएचडीचा विषय. डबे बाबांच्या खोलीत ठेवले, कारण कूलर तिथेच होता.

पहिल्या खेपेची अंडी फुटलीच नाहीत. एरवी सहाव्या-सातव्या दिवशी लालबुंद पिल्लं बाहेर येतात. दहाव्या दिवशी मी अंडी सोलून भिंगाखाली पाहिली, तर गर्भ अर्धवट घडून थांबलेले. ज्या माद्यांना मी थेंबभर संप्रेरक लावलं होतं, त्यांचं असं व्हायलाच हवं होतं. पण ज्यांना काहीच लावलं नव्हतं, त्यांचंही तेच. सगळं मुसळ केरात. दुसरी खेप तशीच गेली. मार्गदर्शक बाईंनी फोनवर विचारलं, भांडी नीट धुतेस ना? मी डबे बदलले, खायला घालायची सरकी बदलली. तिसरी खेपही गेली तेव्हा हातातला डबा टेबलावर आपटला.

बाबा आतून आले. "काहून चिडून राहिली वं? मी तर त्याइले रोज पाणी देतो."

पाण्यासाठी मी डब्यात कापसाचा ओला बोळा ठेवायचे. मी लायब्ररीत गेले की तो वाळायचा, म्हणून बाबा भिजवायचे. कोणतं पाणी, मी विचारलं.

"कूलरचं. नळाचं तर उकळून राहिलं."

कूलरच्या टाकीत अळ्या झाल्या म्हणून त्यांनीच दुकानातून औषध आणून टाकलं होतं. पाकीट वाचलं. अळीचा डास होऊ न देणारं औषध. माझ्याच संप्रेरकाची नक्कल. माद्या ते रोज पीत होत्या आणि अंड्यांत उतरवत होत्या. गर्भ घडायला लागताना जे अंड्यात जवळजवळ नसावंच लागतं, तेच.

"ते डासाचं औषध हाय," बाबा म्हणाले. "हे काय डास हायेत का?"

मी त्यांना नको तितकं बोलले. ते टाकी उपसायला गेले, आणि मग मला स्वतःचाच राग आला.

चार दिवसांनी तेच मला कुहीजवळ ओळखीच्यांच्या भेंडीच्या वाडीत घेऊन गेले. भेंडीवरही हे ढेकूण असतात; भर उन्हात आम्ही दोघांनी नवे वेचले. त्यांची अंडी सातव्या दिवशी फुटली. बाईंना कळवलं, तर त्या खूश होऊन म्हणाल्या, आता कूलरच्या पाण्याचाही रीतसर प्रयोग लाव.

म्हणजे पुन्हा तीन खेपा.