कवडशाच्या रेघा

आमच्या हॉलच्या फरशीवर खडूच्या रेघा आहेत. रोज सकाळी नऊला खिडकीतला कवडसा जिथवर येतो, तिथं माझी मुलगी सई एक रेघ ओढते. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. फरशी पुसणाऱ्या मावशीही आता तेवढी जागा सोडून पुसतात.

रेघा हळूहळू दिवाणाकडे सरकल्यात. का, ते मी तिला सांगितलेलं नाही. अगदी ओठांवर आलं होतं, पण उठून कुकर लावला. घरी शिकवण्यातलं अवघड काम हेच आहे, उत्तर येत असताना गप्प बसायचं. आता मला ते जमतं.

काल शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. “हिला शाळेत कधी घालणार?” असं मला विचारतच त्या आत येत होत्या.

“काकू, तिथं पाय देऊ नका,” सई म्हणाली. “रेघा पुसतील.”

काकू थबकल्या. खाली बघत राहिल्या.

“या रेघा दिवाणाकडे का चालल्यात गं?”

“तेच बघतेय.”

काकूंनी साडी जरा वर धरली आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारख्या भिंतीकडेनं येऊन गुपचूप बसल्या.