ऑपरेशनच्या टेबलावरचं गाऱ्हाणं

बुधाजी घाडीला स्वतःची पुरती ओळख होती. रूप यथातथा, अक्कल बेताची, आणि गिरणीच्या साळखात्यात त्याच्यासारखे विणकर पैशाला पासरी. पण आवाज? मागांच्या खडखडाटात त्याची हाक खात्याच्या त्या टोकाला जायची. लालबागच्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालावं ते बुधाजीनंच, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पहिली घोषणाही त्याचीच. "देवान माणूस करूक घेतल्यान आणि भोंगो करून सोडल्यान," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. त्याची बायको शेवंती मात्र लग्नापासून एकच म्हणत आली होती, "जरा हळू बोला."

त्याच गळ्यात गाठ आली आणि तपासात कर्करोग निघाला. परळच्या इस्पितळात डॉक्टर कोठारे म्हणाले, "गाठ काढू. पण तिला चिकटून आवाजाची नस जाते, सुताएवढी. तिला दुखापत झाली तर आवाज गेला. म्हणून तुम्हाला झोपवणार नाही, मान तेवढी बधिर करतो. तुम्ही सारखं बोलत राहायचं. आवाज बदलला की मी हात मागे घेईन."

मरणाला आपण भीत नाही, अशी बुधाजीची समजूत होती. पण मुका बुधाजी काही त्याच्या डोळ्यांपुढे येईना. आवाज गेल्यावर उरणार काय? मिशा. त्याही विरळ.

टेबलावर डॉक्टर म्हणाले, "हं, बोला." आणि जन्मभर ज्याला गप्प करावं लागलं, त्याला एक शब्द सुचेना. शेवटी सवयीनं त्यानं गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज हो घाडी तुझ्यापुढे मान देऊन पडलो आसा, तेका सांभाळ रे म्हाराजा..."

आणि तो थांबला.

कोठाऱ्यांचा हात जागीच थिजला. नर्स अंबिका त्याच्या तोंडाशी वाकली. "बुधाजी! बोला! काय झालं?"

"आवाज आसा," बुधाजी कुरकुरला. "पण 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो?"

गावची रीतच तशी. गाऱ्हाणं एकानं घालायचं, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय त्यानं पुढचं बोलायचं नाही. मान चिरलेली असताना रीतीसाठी अडून बसणारा गाढव आपणच, हे त्याला कळत होतं. पण जीभच रेटेना.

शिवाजी पार्कात वाढलेल्या कोठाऱ्यांनी घसा खाकरला. "व्हय म्हाराजा."

मग काय विचारता! "मुंबैसकट म्हाराष्ट्र मिळवन दी रे म्हाराजा!" त्यावर अंबिकाही जोरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" चाळीचा नळ, शेवंतीचा गुडघा, सगळं देवाच्या कानावर गेलं.

"ह्या डाक्टराच्या हाताक य..."

आवाज चिरकला आणि पार तुटला. हत्यार तत्काळ मागे आलं. कुणी हलेना. बुधाजी ओठ हलवत होता आणि त्याचं त्यालाच काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून कानांपर्यंत पाणी वाहिलं. असा तो आयुष्यात भ्याला नव्हता.

"...यश दी रे म्हाराजा."

बारीक होता, पण त्याचाच होता.  कोठारे मास्कमागून अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

संध्याकाळी शेवंती खाटेशी येऊन बसली. डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून बुधाजी दबक्या आवाजात म्हणाला, "बरो आसंय मी."

शेवंतीनं पदरानं डोळे पुसले.

"जरा मोठ्यान बोला," ती म्हणाली.